'मल्टि-व्हॅल्यूड प्रॉपर्टी'ला मराठीत काय म्हणावं?

सायली: कंटेंट रिपॉझिटरीवर (मजकूर, फायली साठवणारी प्रणाली) विद्यार्थ्यांसाठी मराठी टिपणं करतेय. जेसीआर या तिच्या जावा-मानकात (2005चं जेएसआर-170, 2009चं जेएसआर-283) प्रॉपर्टी, म्हणजे नोंदीला जोडलेली माहिती, दोन प्रकारच्या: सिंगल-व्हॅल्यूड (एकच व्हॅल्यू) आणि मल्टि-व्हॅल्यूड (व्हॅल्यूंची यादी). हाती आलेल्या मसुद्यात दुसरीला 'बहुमूल्य गुणधर्म' म्हटलंय. वाचणाऱ्याला ती मौल्यवानच वाटणार. दुसरं काही सुचवा.

केदार: का बदलायचं? बहुभुज, बहुपदी, बहुमजली चालतातच की. संदर्भावरून कळतं.

वसुधाताई: संस्कृतात 'बहु' म्हणजे पुष्कळही आणि अनेकही. बहुभुजात मोजणी आहे, बहुमूल्यात 'पुष्कळ'च घट्ट बसलाय. 'अनेक'ला ती अडचण नाही. एकमूल्यी-अनेकमूल्यी करा.

अमेय: मूल्यच कशाला? शाळेत 'क्षची किंमत काढा' म्हणायचो.

वसुधाताई: आणि 'किमती' म्हणजे? फिरून तिथंच.

अमेय: मग तापमान, पर्जन्यमानातलं 'मान' घ्या.

केदार: बहुमान?

निखिल: शब्द कोणताही घ्या, 'अनेक'नं गैरसमज होईल. मल्टिपल प्रॉपर्टीत एकच व्हॅल्यू असू शकते, जेसीआरमध्ये तर एकही नसली तरी चालते, रिकामा ॲरे, म्हणजे रिकामी यादी. तरी ती मल्टिपलच. तिच्यावर गेटव्हॅल्यू (एक व्हॅल्यू मागणारी आज्ञा) चालवलं की व्हॅल्यूफॉर्मॅटएक्सेप्शन ही त्रुटी येते, सिंगलवर गेटव्हॅल्यूज (यादी मागणारी) चालवलं तरी तेच. नोडला (रिपॉझिटरीतल्या नोंदीला) एकच मिक्सिन (जोड-प्रकार) लावलेला असो, 'जेसीआर:मिक्सिनटाइप्स' यादीच देणार. मुख्य प्रकार सांगणारी 'जेसीआर:प्रायमरीटाइप' कायम एकेरी. आत किती आहेत हे सांगायचंच नाहीये, साचा कुठला ते सांगायचंय.

वसुधाताई: मग हे आदरार्थी बहुवचन झालं! 'बाबा आले': माणूस एक, रूप अनेकवचनी. एकवचनी-अनेकवचनी गुणधर्म म्हणा ना, व्याकरणातले तयार शब्द आहेत.

केदार: एकवचनी म्हटलं की एकबाणी, एकपत्नी राम डोळ्यांपुढे येतो, ताई.

अमेय: सीएमआयएस या दुसऱ्या रिपॉझिटरी-मानकाचाही विचार करा (ओएसिस या मानकसंस्थेचं, 2010). तिथं कार्डिनॅलिटी (एक व्हॅल्यू की यादी ते) सिंगल नाहीतर मल्टि, पण रिकाम्या यादीला परवानगीच नाही. व्हॅल्यू नसेल तर अख्खी प्रॉपर्टी 'नॉट सेट'. दोन्हीकडे चालेल असा शब्द हवा.

सायली: 'एकेरी' आणि 'यादीरूप'?

निखिल: एकेरी चांगला आहे. पण कामावर सगळे मल्टिव्हॅल्यूच म्हणतात. पोरांना एक्सेप्शन इंग्रजीतच वाचायचंय, मग टिपणातही तोच शब्द ठेवा.

वसुधाताई: एक्सेप्शन इंग्रजीत वाचू दे, पण ते का आलं हे समजून घेताना तरी मराठी नको का? मूल्य हा शब्द टाकवत नाही मला. तो 'मूळ'पासून आलाय, त्याचंच 'मोल' झालं.

केदार: पण मोलमजुरीतलं मोल किंमत नाही, वेतन आहे.

वसुधाताई: संस्कृतातही मूल्याचा वेतन हा अर्थ आहेच. मोलकरणीत तोच टिकलाय.

अमेय: आमच्या आजीकडे 'मोलाचं दूध' म्हणजे विकतचं, घरच्या गाईचं नव्हे. अजून कुठे म्हणतात का असं?