मदत हवी आहे: युगांडात मिशनच्या इमारतीसाठी जंगल साफ करताना बुडखे आणि वारुळं

पश्चिम युगांडात, फोर्ट पोर्टलच्या बाजूला, एका प्रॉटेस्टंट मिशनच्या प्रार्थनागृहासाठी २४ × १० मीटरचं जोतं बांधायचं आहे. जागेवर दाट झाडी आहे. मार्चचा पाऊस लागण्याआधी पाया भरून व्हायला हवा.

झाडं जमिनीलगत न कापता सुमारे १ मीटरचा बुडखा ठेवतोय, म्हणजे विंचच्या (दोर ओढायच्या यंत्राच्या) दोराला तरफ मिळते आणि मुळांसकट उपटता येतो. खड्डे मुरुमाने १५ सेंमीच्या थरांत, पाणी मारून, धुमसाने ठोकून भरायचे. मूळ आत राहिलं तर काही वर्षांत कुजतं, पोकळी होते आणि वरची भिंत तडकते. वरची २०-३० सेंमी काळी कुजट मातीही काढणार. पालापाचोळा जोत्याच्या जागेवर मात्र जाळणार नाही. राखेवर भराव बसत नाही.

अडलंय ते तीन ठिकाणी. एका कोपऱ्यात फळीसारख्या मुळांचं प्रचंड झाड आहे: ते पूर्ण खणावं, की इमारतच ४-५ मीटर सरकवावी? जोत्यात दोन मोठी वारुळं येतात. ती माती विटांना उत्तम, पण वाळवीच्या राणीची कोठडी काढून टाकल्यावरही खालच्या बोगद्यांचं काय करावं? आणि कडेची उंच झाडं: आसरा गेल्यावर ती वाऱ्याने कोसळतात, म्हणून झाडाच्या दीडपट उंचीएवढं अंतर मोकळं ठेवणं पुरेल का?

कोकणात जांभ्यावर बांधकाम केलेल्यांनी जरूर सांगा, तांबडी माती बरीचशी तशीच आहे.