पाणी तर बाहेर ढकलतं

बेन मॅकडॅनियल हा डायव्हर व्हॉर्टेक्स स्प्रिंगच्या पाण्याखालच्या गुहेत उतरला आणि पुन्हा कधी दिसला नाही. 'प्रवाहाने त्याचा मृतदेह आत खोल ओढून नेला असेल' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. फ्लोरिडातला व्हॉर्टेक्स स्प्रिंग हा झरा आहे. पाणी गुहेतून बाहेर येतं, त्यामुळे सुटी वस्तू बाहेरच ढकलली जाणार. आत राहायचं तर अडकावंच लागेल.

आणि अडकला म्हणावं, तर शोधायला उतरलेल्या अनुभवी डायव्हर्सना शेवटच्या चिंचोळ्या भागात कोणी घुसल्याच्या खुणाच दिसल्या नाहीत. एवढी उपकरणं लादलेला माणूस तिथून जाईल आणि गाळ, भिंती जशाच्या तशा राहतील? कठीण आहे.

मला खटकतात त्या त्याच्या टाक्या. परतीच्या वाटेवर डीकम्प्रेशनसाठी, म्हणजे वर येताना थांबत थांबत शरीरात साठलेला वायू बाहेर टाकण्यासाठी, ठेवायच्या टाक्यांत सहसा जास्त ऑक्सिजनचं मिश्रण असतं. इथे निघाली साधी हवा. काहींना हा गायब होण्याचा बनाव वाटतो. मला तरी हा अर्धवट शिकलेल्या माणसाचा घोळ वाटतो, कारण गुहेत उतरण्याचं प्रमाणपत्र त्याच्याकडे नव्हतं, तरी १८ ऑगस्ट २०१० च्या संध्याकाळी आतलं कुलूपबंद फाटक त्याला उघडून दिलं गेलं.

तो बाहेर आलाच नाही, हे मात्र आपण सगळे गृहीत धरतोय. गाडी जागेवर होती, हा त्याचा एक मोठा आधार.