मूक रहस्यपटाला प्रत्यक्ष वादकच हवेत

जुन्या रहस्यपटांच्या खेळांत मूकपट घ्यायचा झाल्यास ध्वनिमुद्रित संगीतावर भागवावे, असे काहींचे मत आहे; ते मला पटत नाही. रहस्यपटांसाठी प्रसिद्ध असलेले ब्रिटिश दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९२७ सालच्या ‘द लॉजर’ या मूकपटात वरच्या मजल्यावर येरझारा घालणाऱ्या भाडेकरूची पावले दाखवण्यासाठी काचेची जमीन तयार करून खालून चित्रीकरण केले होते, जो आवाज ऐकवणे शक्य नव्हते, तो तेथे डोळ्यांना दिसतो. अशा प्रसंगी कोठे थांबायचे, हे समोरच्या प्रेक्षकांची शांतता जोखणारा वादकच ठरवू शकतो. २०१२ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने हिचकॉकच्या उपलब्ध नऊ मूकपटांचे पुनरुज्जीवन केले, तेव्हा या चित्रपटाला नितीन साहनी यांनी नवे संगीत दिले. (त्यातील गाणी मात्र मला दृश्यांवर कुरघोडी करणारी वाटतात.) त्याच वर्षी हिचकॉकच्याच ‘ब्लॅकमेल’ची मूक आवृत्ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या प्रांगणात, म्हणजे जेथे त्यातील पाठलाग संपतो तेथेच, वाद्यवृंदासह दाखवली गेली. हा चित्रपट १९२९ साली मूक आणि बोलका अशा दोन्ही रूपांत आला असल्यामुळे दोन्ही आवृत्त्या लागोपाठच्या संध्याकाळी ठेवाव्यात, मूक आधी. प्रक्षेपणाचा वेग मात्र वादकांना सरावापूर्वीच कळवावा, कारण तो बदलला की सगळे ताल चुकतात.