मुस्तफाच्या सूडापलीकडे

एका वाचकाने म्हटलंय की सुदानी लेखक तायेब सालेह यांची कादंबरी ‘सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ’ (मूळ अरबी, १९६६) म्हणजे लंडनमध्ये गोऱ्या बायकांवर उगवलेला वसाहतीचा सूड. हे अर्धंच झालं. लंडनमध्ये राहून आलेला तिचा सुदानी नायक मुस्तफा सईद तसं बोलतो खरं, पण त्याच्या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा?

मला विचाराल तर कादंबरीचा जीव सुदानमधल्या त्या नाईलकाठच्या गावात आहे, जिथे मुस्तफा परतल्यावर राहतो. मुस्तफाच्या घरातली ती कुलूपबंद खोली आठवा. बाहेर रणरणतं ऊन आणि आत चक्क इंग्रजी शेकोटी! भिंतभर पुस्तकं, कुराणसुद्धा इंग्रजीत, अरबी मात्र एकही नाही. कादंबरीचा निवेदक, त्याच गावचा, आत शिरून काडी ओढतो, समोर मुस्तफाचा चेहरा दिसतो असं त्याला वाटतं, आणि तो निघतो आरसा.

आणि मुस्तफाच्या बायकोला, हुस्नाला, कसं विसरलात? मुस्तफाच्या मागे तिचं लग्न जबरदस्तीने म्हाताऱ्या वद रय्यिसशी लावतात. ती त्याला ठार मारते, स्वतःही मरते. इथे इंग्रज कुठेच नाही, सगळी घरचीच माणसं. इंग्लंडात शिकून आलेला निवेदक तेव्हा खार्टूममध्ये नोकरीवर. (मुस्तफाने तिच्या मुलांसाठी नेमलेला पालक हाच, बरं का.)