आईच्या डोळ्यांचा कोन अरुंद निघाला; खेड्यातल्या वयस्कांत हे किती आढळते?

प्रश्न (मंगळवेढा तालुका)
माझी आई ६३ वर्षांची असून तिचे सारे आयुष्य ज्वारीच्या रानात गेले आहे. मोतीबिंदूच्या तपासणीसाठी सोलापूरला नेले असता डॉक्टरांनी डोळ्यावर भिंग टेकवून पाहिले आणि दोन्ही डोळ्यांचा कोन, म्हणजे आतले पाणी वाहून जाण्याची वाट, अरुंद असल्याने लेसरचा विचार करावा, असे सांगितले. डोळ्याचा दाब आणि नस व्यवस्थित आहे. काही दुखत नसताना उपचार कशासाठी, असे ती विचारते. गावातल्या इतर वयस्कांनाही हे असू शकते का?

उत्तर (नेत्रतज्ज्ञ, सोलापूर)
नक्कीच असू शकते. तमिळनाडूच्या खेड्यांत चाळिशीपुढील सुमारे ३,९०० लोकांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत आपल्या आईंसारखा केवळ अरुंद कोन सुमारे ६.३ टक्के लोकांत आढळला. कोन चिकटलेले किंवा दाब वाढलेला, पण नस शाबूत असलेले ०.७ टक्के होते, तर नसेला इजा होऊन प्रत्यक्ष काचबिंदू झालेले ०.९ टक्के. म्हणजे पहिल्या पायरीवरची माणसे आजारी माणसांच्या कितीतरी पट असतात, आणि त्यांना काहीच जाणवत नसल्याने ती आपणहून दवाखान्यात येत नाहीत.

वयाबरोबर डोळ्यातले नैसर्गिक भिंग जाड होत जाते, बुबुळाचा रंगीत पडदा पुढे ढकलला जातो आणि आतले पाणी वाहून जाण्याची वाट अरुंद होते. स्त्रियांत आणि दूरदृष्टीचा, म्हणजे अधिक नंबरचा चष्मा असणाऱ्यांत हे जास्त दिसते. दाब मोजून हा कोन कळत नाही. त्यासाठी आपल्या आईंची झाली तीच तपासणी, म्हणजे गोनिओस्कोपी, करावी लागते.

अरुंद कोन असलेल्या प्रत्येकाला लेसर, म्हणजे रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडून पाण्याला वाट करून देणे, लागतेच असे नाही. चीनमधील ग्वांगझू येथे ८८९ जणांच्या एका डोळ्याला लेसर करून दुसरा तसाच ठेवला आणि सहा वर्षे पाहिले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुढच्या पायरीवर जाण्याचे प्रमाण लेसरमुळे जवळपास निम्मे झाले, परंतु लेसर न केलेल्या डोळ्यांतही ते कमीच होते. मात्र दरवर्षी तपासणीला येणे ज्यांना जमणार नाही, त्यांच्या बाबतीत मी लेसरकडे झुकतो.

उत्तर (बार्शी)
माझ्या आत्याबाईंच्या एका डोळ्याचा कोन एका रात्री अचानक बंद झाला आणि डोके असह्य दुखून उलट्या सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात पित्त समजून दोन दिवस गोळ्या दिल्या गेल्या. डोळा लाल झाला होता आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसत होती, याकडे कोणीच पाहिले नाही. त्या डोळ्याची नजर परत आली नाही. दुसऱ्या डोळ्याचाही कोन अरुंद निघाला, त्याला वेळेत लेसर केले आणि आज त्या त्याच डोळ्याने सुईत दोरा ओवतात. आपल्या आईंसोबत त्यांच्या भावंडांचेही डोळे तपासून घ्या, कारण आमच्याकडे पुढे धाकट्या आत्यांचाही कोन अरुंदच निघाला.