पथकात पहिलंच वर्ष, खालच्या थरात आहे. खांदा दुखतोय हे सांगावं का?

नवा_गडी_कुर्ला
गुरुपौर्णिमेला नारळ फुटला तेव्हापासून आमच्या वाडीच्या गोविंदा पथकात जातोय. वजन ८८ किलो, त्यामुळे मला कुणी काही विचारलंच नाही, दादांनी थेट खाली उभं केलं. सहा थर लागतायत, आता सातव्याची तयारी. पण उजवा खांदा धरलाय, शर्ट घालताना कळ येते. दादांना सांगितलं तर बाहेर काढतील आणि पोरं म्हणतील, आला नाही तोच गळपटला. आणि खरं सांगायचं तर मान खाली घालून उभं राहण्यापलीकडे माझं काम काय तेच कळत नाही. वर काय चाललंय ते दिसतही नाही. पथकाच्या उपयोगी पडायचं म्हणजे नक्की काय करायचं?

तळ_गिरगाव
आजच सांग भावा. सरावाच्या आधी सांग, थर चढायला लागल्यावर नाही. माझी उमेदीची वर्षं खालच्या थरात गेली, आता वय झालं म्हणून बाहेरून आवाज देतो. पथकातला सगळ्यात घातक माणूस कोण, तर "होईल हो दादा" म्हणणारा. थर लावणारा प्रत्येकाचं वजन, उंची, दम बघून जोड्या जमवतो. तुझा खांदा दुखतोय हेच त्याला ठाऊक नसेल तर त्याचा सगळा हिशोब खोटा. खाली खांदा दोन बोटं खचला तर पाचव्या थरावरचं पोरगं हातभर झुलतं.

आता काम. हात शेजाऱ्यांच्या खांद्यावर, हनुवटी छातीला, नजर आत, पायांकडे. गुडघे किंचित सैल. वरच्याचा पाय मानेलगत पडला पाहिजे. खांद्याच्या टोकाला पडला तर लगेच ओरड, "पाय आत घे." भीड धरायची नाही. गर्दीने कितीही आरडाओरडा केला तरी वर बघायचं नाही, वर बघितलंस की मान मागे आणि मानेमागे खांदे. तुझ्यासाठी बाहेरून आवाज देणारा हेच डोळे.

सलामी झाली की ढोल सुरू होतात, लोक नाचतात, आणि नेमकं तेव्हाच खालचे ढिले पडतात. एक्का, म्हणजे सगळ्यात वरचा गडी, हंडीला पोचला म्हणजे अर्धंच काम झालं. शेवटचा पाय तुझ्या खांद्यावरून निघेपर्यंत थर उभाच आहे असं समज.

२०१२ ला ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवानने नऊ थर लावले, ४३.७९ फूट. त्याचा व्हिडिओ काढ, वरचं पोरगं सोड, खालचा घेर बघ. थराला रेटा देऊन किती माणसं उभी आहेत! स्पेनमधले कॅटलान लोक मनोरे रचतात, त्यांच्याकडेही बुंध्याशी अशीच दाटी. दादांनी तुला त्या घेरात टाकलं तर ती शिक्षा समजू नकोस.

चाळ_नंबर_तीन
काका, बोलायला सोपं आहे. आमच्याकडे एकाने कंबर दुखते म्हणून सांगितलं तर गोपाळकाल्यापर्यंत त्याला "आजोबा" म्हणत होते. पुढच्या वर्षी तो आलाच नाही.

तळ_गिरगाव
मग तुमच्या पथकात दुखणं लपवून उभे राहणारे किती असतील, विचार कर. २०२२ ला सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हणून जाहीर केलं, मृत्यू झाला तर घरच्यांना १० लाख. ते पैसे कुणाच्याही आईला नकोयत. टोमणे मारणाऱ्यांना प्रशिक्षकानेच गप्प करायला हवं. तो करत नसेल तर पथक बदला.

वरच्या_थरातली
मी महिला पथकात. १४ वर्षांखालच्यांना बंदी आहे, त्यामुळे चौदा पूर्ण होईपर्यंत नुसती पाण्याच्या बाटल्या सांभाळत होते. वरून सांगते, आम्हाला खालचा चेहरा दिसत नाही, पण पायाला सगळं कळतं. कोण थरथरतंय, कुणी श्वास कोंडून धरलाय. आमच्या खालच्या थरातली ताई मी चढताना हळू बोलत राहते, "ये, ये, आहे मी." तिचा आवाज थांबला की मी पण थांबते. तू पण बोलत जा.

बाकी साध्या गोष्टी. कडं, साखळी, घड्याळ काढून ठेव. पायाची नखं काप, आमच्याकडे एकीची पोटरी सोलवटली होती. आणि सरावाआधी खांद्याला बाम चोळू नकोस रे बाबा, पाय सटकतो, वर वास थेट नाकात!

नवा_गडी_कुर्ला
काल सांगितलं. दादांनी खांदा दाबून बघितला, दोन शिव्या घातल्या (आधी का नाही बोललास म्हणून) आणि डॉक्टरकडे पाठवलं. सूज आहे, दोन आठवडे भार नको. तोवर बाहेरच्या घेरात. माझ्या जागी भांडुपचा एक जण आलाय, माझ्यापेक्षा चांगलाच उंच.

तळ_गिरगाव
उंच आहे तर त्याच्या शेजारचे पण बदलावे लागतील, नाहीतर वरचा थर एका बाजूला कलेल. दादांना म्हणावं, आधी त्याला चार थरांतच उभा करा, सातव्याची घाई नको.