बी विंग ग्रुप: लिफ्टमधला प्रश्न आणि मीटरच्या पेटीसमोरचा वॉकर

केतकी (३०२): नमस्कार. एक विनंती आहे. लिफ्टमध्ये भेटल्यावर "अजून रांगत नाही का गं?" हे आता पुरे. आज चार मजल्यांत तिघांनी विचारलं. ईरा नऊ महिन्यांची आहे आणि छान आहे 🙏

देशमुख काकू (४०१): काळजीपोटीच विचारतो आम्ही. आमचा अथर्व आठव्या महिन्यात घरभर रांगत होता. नाव घेतलं नसलंस तरी समजतं हो.

केतकी: काकू, तुम्ही त्या तिघांत नव्हताच.

समीर (१०४): चोराच्या मनात चांदणं 😄

समीर: काकू, गंमत हो.

काळे काका (२०१): तिसऱ्या मजल्यावर मीटरच्या पेटीसमोर वॉकर ठेवला आहे. ज्यांचा असेल त्यांनी त्वरित उचलावा.

साठे वहिनी (३०३): बाबांचा वॉकर घरातच आहे. कृपया फोन करू नयेत, ते आत्ताच झोपलेत. आणि ५०१ मधलं ड्रिल दुपारी बंद ठेवायचं ठरलं होतं ना?

काळे काका: लहान मुलांचा आहे. चाकांचा. गुलाबी.

फडके आजी (१०२): केतकी, गुटी देतेस का? वेखंड, मुरडशेंग, हळकुंड सहाणेवर एकेक वळसा, जायफळ अर्धाच, आणि मधात चाटवायची. बघ कसं बाळसं धरते.

केतकी: आजी, वर्षाच्या आत मध अजिबात नाही सांगितलाय डॉक्टरांनी. त्यातले जंतू एवढ्याशा आतड्यात वाढून विष तयार करू शकतात.

फडके आजी: आमची पाचही जगली हो.

निखिल (३०२): हा मेसेज डिलीट केला आहे

केतकी: वाचला मी. घरी ये, मग बोलू.

समीर: 🍿

मृण्मयी, फिजिओ (५०३): केतकी, आधाराशिवाय बसते ना? खेळणं या हातातून त्या हातात घेते? दोन्ही बाजू सारख्याच हलवते?

केतकी: हो, सगळं करते. रांगायला गेली की मागे जाते फक्त. काल समोर वाटी ठेवली, तर हातांनी जोर लावून सरकत सरकत थेट दिवाणाखाली. तिथून वाटीकडे बघत भोकाड.

मृण्मयी: 😂 मग निवांत राहा. बऱ्याच मुलांच्या हातात आधी जोर येतो, म्हणून मागे जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतल्या मुलांची पाहणी छापली, त्यात आपला भारतही होता. रांगायला सुरुवात साधारण ५ ते साडेतेरा महिन्यांत कधीही. काही तर रांगलीच नाहीत. एकट्याने चालणं साडेसतरा महिन्यांपर्यंत चालतं. बसत नसती किंवा एकच बाजू वापरत असती, तर मीच दाखवायला पाठवलं असतं.

देशमुख काकू: संघटना काय मालिश करायला येते का? मावशी म्हणाल्या, वॉकरमध्ये बसवा, पाय भरतील. म्हणून तर काल रात्री अथर्वचा आणून ठेवला तुमच्या दाराशी. बाळ झोपलं असेल म्हणून बेलही वाजवली नाही. ही परतफेड.

समीर: काळे काका, केस सुटली!

काळे काका: मीटरच्या पेटीसमोर वॉकर ठेवला आहे. ज्यांचा असेल त्यांनी त्वरित उचलावा.

केतकी: काकू, सॉरी, मला खरंच माहीत नव्हतं. आम्हाला वाटलं ३०३ कडे पाहुणे आलेत. पण वॉकर नको.

साठे वहिनी: आमच्याकडे पाहुणे आले तर चर्चा होते वाटतं मजल्यावर. आणि ड्रिल??

मृण्मयी: काकू, राग मानू नका. वॉकरमध्ये मूल पंजांवर ढकलत जातं, स्वतःची पावलं दिसत नाहीत, तोल सांभाळायची वेळच येत नाही. चालणं उलट लांबू शकतं. आणि दारासमोर जिना! कॅनडात २००४ पासून विकायला बंदी आहे, वापरलेलासुद्धा. त्यापेक्षा सतरंजीवर पालथं टाका, पाय मोकळे, मोजे काढून. वाटी-चमचा हीच खेळणी.

देशमुख काकू: बरं बाई. उचलते. पण भंगारात द्यायचा नाही, माळ्यावर ठेवणार.

काळे काका: चारच्या आत. रीडिंगवाला यायचा आहे.

फडके आजी: मध नको तर आईच्या दुधात उगाळू का?

केतकी: आजी, गुटी राहू दे. तुम्ही या. ती तुमच्या बांगड्यांकडे तरी पुढे येते का बघू.

फडके आजी: पाचला येते. लिफ्ट चालू आहे ना?

समीर: चालू आहे आजी. फक्त आत काही विचारायचं नाही 🤐